हिसामासाचा खेकडा

ओगोसे-सेन्सेईंनी भर सभेत चटईवर कपाळ टेकून चिझुएची माफी मागितली. म्हणजे, मागितली नाही. मंडळाच्या इतिवृत्तानुसार ते चष्मा शोधत होते. चष्मा नाकावरच होता, पण ही बाब इतिवृत्तात येण्याइतकी महत्त्वाची नव्हती.

जपानमधल्या कानाझावा शहराच्या या मंडळात जुन्या तलवारींचे साज पाहायला लोक जमतात. चिझुएच्या वडिलांकडे एक त्सुबा होती, तलवारीच्या मुठीखाली बसते ती लोखंडी चकती. तिच्यावर एक खेकडा आणि हिसामासा या कारागिराची सही. काही वर्षांपूर्वी, पानं लाल व्हायच्या दिवसांत, अध्यक्ष ओगोसेंनी ती सर्वांदेखत हातात घेतली, सुस्कारा सोडला आणि जाहीर केलं, की हिसामासानं उभ्या जन्मात खेकडा केलेला नाही, सही खोटी आहे. खोट्या सहीला प्रमाणपत्र मिळत नाही. तीच सही घासून काढली की वस्तू निनावी म्हणून सन्मानानं पास होते. सगळेच तसं करतात. वडिलांनीही केलं. प्रमाणपत्र आलं: निनावी.

त्यानंतर ते मंडळात फिरकले नाहीत. टीव्ही बघताना घासलेल्या जागेवर अंगठा फिरवत बसायचे. गेले तेव्हा खेकडा उशाशीच होता.

चिझुएला ओगोसेंचं नाक कापायचं होतं, पण घाई नव्हती. ती मंडळाची सभासद झाली. चहा दिला, चटया झाडल्या, सेन्सेईंच्या विनोदांना हसली. सुडातला हा शेवटचा भाग सगळ्यात जड गेला.

यंदा ओगोसेंनी आपला ठेवणीतला माल काढला: एक खेकडा. वर हिसामासाची सही. सोबत अस्सल असल्याचं प्रमाणपत्र. अशा वेळी लाल शिक्क्याला वाकून नमस्कार करायचा, कारागिराचं नाव बघायचं आणि कागद पुढे द्यायचा, अशी रीत. तो पूर्ण वाचणं म्हणजे यजमानाच्या घरी भाताचा वास घेऊन बघणं. चिझुएनं पूर्ण वाचला, तोही मोठ्यानं. लोखंड. खेकडा. सही अस्सल. आणि शेवटी तारीख: वडिलांच्या खेकड्यावरची सही ज्या पानगळीत खोटी ठरली, तिच्या आधीचा, त्याच वर्षीचा वसंत.

"सेन्सेई," ती म्हणाली, "पानगळीत तुम्ही बाबांना सांगितलंत, हिसामासानं खेकडा केलाच नाही. मग वसंतापासून तुमच्या कपाटात कोण होतं? कोळंबी?"

चहासोबतची मोची, तांदळाची ती चिकट मिठाई, कोणाच्या तरी टाळूला चिकटली. ओगोसेंनी आधी तारखा मोठ्यानं वाचू नयेत असं सुचवलं. मग पडेल आवाजात म्हणाले, "दोन-दोन असते, तर माझ्या खेकड्याला कोण विचारणार होतं?" आणि कपाळ चटईला टेकलं. "चुकलं माझं, चिझुए-सान."

सचिव हामागुचींनी ताबडतोब चहा जाहीर केला.

पुढच्या सभेत इतिवृत्त वाचलं गेलं, चष्म्यासकट. ओगोसे एकमतानं पुन्हा अध्यक्ष झाले, त्या एकमतात चिझुएही धरली होती. तिनं हरकत घेतली. हामागुची अगदी मायेनं म्हणाले, की जे इतिवृत्तात नाही ते घडलेलं नसतं, चहा घ्या.

तिनं चहा घेतला. घरी येऊन वडिलांचा खेकडा समोर ठेवला आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे रीतसर अर्ज लिहिला:

"वस्तू: ओगोसे, एक नग. काळ: शोवा सम्राटाचा. अवस्था: कडेला गंज. नाव: आहे, खोटे असल्याचा दाट संशय. वस्तू स्वतः चालत हजर राहील. तरी सदर वस्तूची तपासणी करून तिचे नाव प्रचलित पद्धतीने घासून काढावे आणि ती निनावी म्हणून मंडळास परत करावी, ही नम्र विनंती."