दहा गोळ्यांची रांग

माझ्या जोडीदारणीला सगळे ‘दशांश’ म्हणतात. कॅल्क्युलेटरवर दिसतील तेवढे आकडे ती उतरवते, एकही वाया घालवत नाही. आणि स्पर्धेला वर्गातून एकच जोडी जाणार! म्हणजे माझं नशीब हिच्या पेनाला बांधलेलं.

बाईंनी दहाही जोड्यांना एकाच डब्यातली, एकाच धातूची आणि एकाच मापाची एकेक काळी रंगवलेली गोळी दिली, सोबत पट्टी. वजनकाटा सगळ्यांत एक. घनता काढायची आणि सांगायचं, गोळी स्टीलची (७.८) की पितळेची (८.५). चुंबक मागणाऱ्याला थेट बाहेर.

“८.१७८८. पितळ! लिही,” दशांश म्हणाली.

“अगं बये, पट्टीवर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. बारा मिलिमीटर व्यासात अर्धा म्हणजे चार टक्के. घनफळाला व्यास तीनदा गुणलास, म्हणजे चूक बारा टक्के! खरं उत्तर सव्वासातही असेल, सव्वानऊही.”

“मग एवढे आकडे कशाला आले?”

“कॅल्क्युलेटरच्या बापाचं काय जातंय!”

शेवटी मीच उठले. टेबलोटेबली गोळ्या मागत फिरले. कोणी देईना.

“आमची का द्यायची?”

“उत्तर तुम्हालाही सांगते, मग तर झालं?”

लगेच नऊ गोळ्या हातात, वर एक जास्तीची पट्टीही. दशांशने कपाळावर हात मारला. “धन्य आहेस! आता जिंक.”

दोन पट्ट्यांच्या फटीत दहा गोळ्या चिकटून लावल्या. बारा पूर्णांक दोन दशांश सेंटिमीटर. वजन चौऱ्याहत्तर ग्रॅम. चूक तीच अर्ध्या मिलिमीटरची, पण आता दहा गोळ्यांत वाटलेली.

“७.७८३१!” दशांश ओरडली.

मी पेन हिसकावलं आणि लिहिलं: ७.८, फार तर ०.१ कमी-जास्त. स्टील. कबूल केल्याप्रमाणे सगळ्यांना सांगितलंसुद्धा. दशांश माझ्याशी बोलेना.

दहाही कागदांवर स्टील! बाईंनी पहिल्या बाकावरच्या जोडीला उभं केलं.

“वर गणितात ८.१७८८, खाली स्टील. हे कसं काय?”

 बाई पुढच्या टेबलाकडे गेल्या, मग त्याच्या पुढच्या. सगळीकडे तेच: खालचा शब्द बदललेला, वरचं गणित जुनंच. आमच्या कागदावर मात्र त्यांनी बरोबरची खूण केली आणि स्पर्धेच्या यादीत आमची नावं लिहिली.

दशांश हळूच म्हणाली, “ऐक ना, तिथे पेन तूच धर.”