दोरीवरचे पंजे

तलासरीच्या त्या लहानशा खाजगी प्रसूतिगृहाच्या मागच्या अंगणात दोरीवर रबरी हातमोजे वाळत असत. जग एकदा वापरून फेकून देतं. पण इथले उमेश डॉक्टर भारी काटकसरी, मोजे धुऊन, उकळून पुन्हा घालायला लावायचे. वाळलेला मोजा जिवली सिस्टर तोंडाने फुंकून फुगवी. भोक असलं तर फुस्स. नसलं तर पाच बोटांचा गोरा पंजा टम्म. मग त्याला पावडर, आणि पुन्हा दोरीवर.

पावसाळ्यात तिच्या मनगटांवर गांधी उठल्या. दिवाळीपर्यंत बोटांच्या पेरांना भेगा पडल्या.

"बाय, हा फिनेलचा प्रताप नाय," आयाकाम करणारी बारकी मावशी म्हणाली. "हे बाहेरचं. भगताला दाखव."

"भगताला दाखवलं की गावभर होईल. मग डॉक्टर माझ्या हातात झाडू देतील. आधीच्या पुष्पा सिस्टरच्या हाताला खरूज झाली तर तिला झाडूवर घातलं, विसरलीस?"

भीती एवढीच होती. पाड्यापाड्यांवरच्या बाया 'जिवलीचेच हात हवेत' म्हणून यायच्या. ते हात गेले तर जिवली म्हणून उरतं काय? मग तिने शक्कल काढली: हात दिसूच द्यायचे नाहीत. सकाळी मोजे चढवायचे ते घरी जाताना काढायचे. चहासुद्धा मोजे घालून! डॉक्टर खूश. "शिका हिच्याकडून स्वच्छता!"

आतमध्ये हात कढईत तळल्यासारखे होत होते.

आणि मग दोरीवरचे पंजे धड वागेनासे झाले. फुंकून सोडलेला मोजा लगेच लुळा पडायला हवा ना? ते टम्मच राहू लागले. जिवलीने पाहिलं, ती श्वास आत घेते तेव्हा ते थोडे लुळे पडतात. सोडते तेव्हा फुगतात. तिने मुद्दाम श्वास रोखून धरला. दोरीवर एक बोटही हललं नाही. वारा मात्र चांगला सुटलेला होता. खोटं वाटत असेल तर बारकीला विचारा. तिने त्या दिवसापासून अंगणात जाणंच सोडलं.

आशागडची धाकली नावाची पोरगी भर दुपारी बाळंतपणाला आली. डोकं दिसू लागलं आणि जिवलीच्या छातीत शिट्टी वाजली. ओठ सुजले. श्वास आत यायला तयारच नाही, जणू बाहेर कुणी ओढून धरलाय. खिडकीतून दिसत होतं, दोरीवरचे सगळे पंजे फुटायला आलेले, ताठ, तिच्याकडे वळलेले.

"डॉक्टर!" बारकी ओरडली. तिने नाळ कापायची कात्री उचलली आणि जिवलीच्या हातांवरचे मोजे टराटरा फाडले. डॉक्टर धावत आले, हात पाहिले, ओठ पाहिले आणि मांडीत इंजेक्शन खुपसलं. इकडे बारकीने पोर झेललं. ते रडलं, तशी अंगणातून एक लांब 'हुश्श' ऐकू आली. सारे पंजे लुळे पडले होते, आणि जिवलीच्या छातीत हवा शिरली.

बऱ्याच वेळाने डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?"

"पावसाळ्यापासून."

"सांगितलं का नाहीस?"

"झाडू दिला असता."

"दिलाच असता," बारकी म्हणाली.

डॉक्टरांनी फाटलेले मोजे उचलले. "रबराची अ‍ॅलर्जी आहे. मोजे आणि त्यावरची पावडर, दोन्ही बाधतात. आता तू बाळंतपणाच्या खोलीत..."

"येणार," जिवलीचा आवाज अजून घोगरा होता. "बिनरबराचे मोजे मिळतात. ते आणा. फुंकायचं काम बंद. नाहीतर मी चालले, आणि पाड्यावरच्या बाया माझ्यामागे."

"महाग असतात गं ते."

"मग बायांना तुम्हीच सांगा, जिवली का नाही ते."

धाकली टेबलावरून तेवढी ताकद गोळा करून बोलली, "मी सांगते ना सगळ्यांना. नरपडपर्यंत सांगते."

डॉक्टरांनी मोटारसायकलची किल्ली उचलली. डहाणू रोडला औषधांचं मोठं दुकान आहे, असं काहीतरी पुटपुटत ते निघाले.

"सिस्टर, पुढच्या वेळीपण तूच हां," धाकली म्हणाली.

"आधी हे सांभाळ गं बाई," जिवली म्हणाली आणि उघडे, सोललेले हात पदरात न लपवता मांडीवर ठेवून बसली.