बसल्या बैलाची पेंड

औशाजवळच्या वस्तीवर रामलिंगआप्पांचा एक कायदा होता, जनावराला अन् माणसाला सारखाच. औताच्या बैलाला पेंड, बसल्या बैलाला नुसता कडबा. नांगरल्या दिवशी तीन भाकरी, बसल्या दिवशी एक. कुणाची बिशाद होती मोडायची!

मग आप्पाच पडले. कमरेचं हाड मोडलं, बाज धरली, आणि कायदा त्यांनी स्वतःवर आणखीच कडक लावला. अर्ध्या भाकरीवर आले. बायको, तुळजाबाई, वाढायला वाकली की ताटावर हात आडवा. "पडून तर हाय. मला काय लागतंय?" तिचा जीव तुटायचा, पण चाळीस वर्षांत नवऱ्याचा शब्द तिनं खाली पडू दिला नव्हता. अर्धी भाकर, वर डाळीचं पाणी. असे चार महिने गेले.

पाठीला जखम झाली, ती काही केल्या भरेना. दंडाचं चिपाड झालं. शेवटी लातूरच्या दवाखान्यात नेलं. सुकन्या डॉक्टरनं जखम धुतली आणि विचारलं, खातात काय? तुळजाबाईनं सगळं सांगितलं, वर जरा अभिमानानं म्हणाली, "मालक पथ्याला लई कडक हाईत."

डॉक्टरणीनं आप्पांचा दंड चाचपला. मग म्हणाली, "मावशी, माणूस पडला तरी अंग बसत नाही. काळीज चालतं, श्वास चालतो, अंग ऊन राहतं. खाल्लेल्यातलं निम्म्याहून जास्त त्यातच जातं. त्यात ही जखम भरायची. बाहेरून मिळालं नाही, म्हणून अंगानं स्वतःचंच मांस खाल्लं."

त्या सांजेला तुळजाबाईनं दुधात भाकर कुस्करली आणि जन्मात पहिल्यांदा नवऱ्यावर आवाज चढवला, "खावा म्हणते ना." आप्पांनी निमूट तोंड उघडलं. दोन घास गेले, तिसरा गिळवेना.

"उशीर झाला का गं?" त्यांनी विचारलं. तिनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं. आठव्या दिवशी आप्पा गेले.

दिवस उरकल्यावर ती गोठ्यात गेली. पेरणीला अजून महिना होता, बैल रवंथ करत बसला होता. तिनं टोपलंभर पेंड त्याच्यापुढं ठेवली.

"आत्याबाई, आज औत कुठाय?" सून शिवगंगा दारातून म्हणाली.

"नसू दे. त्याचं काम चालूच हाय."

सून गेली. बैलाचं खाणं होईस्तोवर तुळजाबाई तिथंच बसली.

"तुमचं बी चालूच होतं की हो," ती हळूच म्हणाली. "मलाच दिसलं न्हाई."