झान्नीची पाठ

पडदा जरासा बाजूला करून समताने प्रेक्षकांकडे पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. पहिल्या रांगेत बाबा बसले होते.

बाबा इथे असायलाच नको होते. ते असायला हवे होते दोन-तीन तासांवरच्या नीउ-व्हेनेपला, तिच्या ओळखीच्या अनुप आणि मैत्री या जोडप्याच्या घरी, वरणभात खाऊन सोफ्यावर आडवे झालेले. भारतातून लेकीकडे राहायला आलेल्या बाबांना काल सकाळी तिने स्वतः ट्रेनमध्ये बसवून दिलं होतं. "बाबा, विकेंडला मला लॅबमध्ये काम आहे, तुम्ही इथे एकटे कंटाळाल," अशी शुद्ध थाप मारून. पण अनुप आणि मैत्री म्हणजे उपकार करायला टपलेली माणसं. मैत्रीला इन्स्टाग्रामवर या नाटकाची जाहिरात दिसली, त्यात समताचं नाव दिसलं, आणि मग काय विचारता! काकांना सरप्राईज! दोघांनी तिकिटं काढली, काकांना गाडीत घातलं आणि थेट समताचं गाव, एनस्खेडे गाठलं. वर पुन्हा हौसेने पहिली रांग. आता मैत्री पडद्याकडे बघून हात हलवत होती, आणि बाबा मफलर गळ्याशी नीट करत ताठ बसले होते.

बाबा, म्हणजे दादाराव, नेहमी ताठच बसायचे. पाटबंधारे खात्यात उभी हयात गेली, साहेब आले नि गेले, पण दादाराव कोणापुढे कमरेत वाकले नाहीत. त्यांचा बाप सालगडी होता. सालगड्याच्या पोरालाही मालक आपलाच गडी समजायचा, वेगळं विचारायची पद्धतच नव्हती. त्यातून दादाराव शिकून बाहेर पडले होते आणि आपल्या पोरांच्या पाठीवर ते ओझं येऊ द्यायचं नाही, एवढाच एक हट्ट त्यांनी जन्मभर धरला होता.

तो हट्ट समताने डोळ्यांनी पाहिला होता. तिचा थोरला भाऊ लोकेश सहावीत असताना शाळेच्या गॅदरिंगला मास्तरांनी त्याला नोकर केलं होतं. आदल्या वर्षीही नोकर, त्याच्या आदल्या वर्षीही नोकर. राजा, प्रधान वगैरे मंडळी ठरलेल्या घरांतली. लोकेश हातात तांब्या घेऊन राजापुढे वाकला आणि प्रेक्षकांतून बाबा उठले. सरळ स्टेजवर गेले, पोराच्या डोक्यावरचं फडकं काढून खाली ठेवलं आणि त्याला हाताला धरून घरी घेऊन आले. नाटक तिथेच बंद. लोकेश त्यानंतर कधी स्टेजवर चढला नाही. ऑफिसच्या कार्यक्रमात गाणं म्हण म्हटलं तरी त्याला घाम फुटतो.

आणि इथे त्याच बापाची लेक, नॅनोकणांवर पीएचडी करणारी, आज रात्री काय होती? नोकर. साधा नोकरही नाही, मार खाणारा, उष्टं चाटणारा नोकर.

इटलीतली मुखवट्यांची जुनी विनोदी नाटकं असतात, त्यातला हा झान्नी. गावाकडून पोट भरायला शहरात आलेला, सदा भुकेला, मालकाची कामं उलटीसुलटी करणारा विदूषक. त्याला लांब नाकाचा चामडी मुखवटा असतो, वरच्या अर्ध्या चेहऱ्याचा. संवाद लिहिलेले नसतात. कोण येणार, कोण जाणार आणि शेवट काय, एवढंच ठरलेलं. बाकी समोरचा जे म्हणेल ते खरं मानायचं आणि पुढे रेटायचं. झान्नीला दोन गोष्टींची सक्त मनाई. स्टेजवर मुखवट्याला हात लावायचा नाही, आणि पाठ सरळ करायची नाही. आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंत तो गुडघ्यांत आणि कमरेत वाकलेलाच.

समताने ही भूमिका भांडून मिळवली होती. नाटकाच्या ग्रुपमधले तिला मालकाची सुंदर मुलगी करायला निघाले होते. "मला झान्नीच हवाय," ती म्हणाली होती. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. वाकून, लोळून, कोलांट्या मारून ती एवढी मोकळी व्हायची, की त्या तासाभरासाठी आठवडाभर लॅबमध्ये तगून राहायची. हे सगळं बाबांना कसं सांगायचं? तिने सांगितलंच नाही. आता बाबा उठणार, स्टेजवर येणार आणि लोकेशला उतरवलं तसं आपल्यालाही उतरवणार. आणि नंतर आपल्याकडे पुन्हा त्या जुन्या नजरेने बघणार नाहीत. याची तिला भीती वाटत होती. 

ती धावत वाउटरकडे गेली. वाउटर मालक व्हायचा. एरवी लॅबमधला तिचा सहकारी, सायकल झाडाला धडकली तर झाडाला सॉरी म्हणणारा सज्जन.

"आज काठी कोणाच्या हातात देऊ नकोस," ती इंग्रजीत म्हणाली. त्यांच्या ग्रुपची ही पद्धतच होती. मालक मारून मारून दमतो आणि काठी पहिल्या रांगेतल्या पाहुण्याला देतो, "जरा तुम्ही हाणा." काठी दोन पातळ फळ्यांची. हळू टेकवली तरी फटाक्यासारखी वाजते, लागत मात्र काही नाही. पब्लिक या प्रकारावर फिदा होतं.

"ते तर लोकांना सगळ्यात जास्त आवडतं!" वाउटर म्हणाला.

"मग त्या मफलरवाल्या माणसाला देऊ नकोस. ते माझे वडील आहेत."

"ओ! तुझे बाबा! किती छान!" वाउटरचा चेहरा उजळला. "नाही, नाही, त्यांना नाही देणार. प्रॉमिस."

अ‍ॅकॉर्डियन वाजायला लागलं. समताने पाठ फिरवून मुखवटा चढवला, गुडघे वाकवले आणि बाहेर पडली.

पहिली दहा मिनिटं तिने चक्क अंगचोरी केली. जिथे मालकाचे बूट पुसायचे तिथे हवेतच फडकं फिरवलं. जिथे पायांवर लोटांगण घालायचं तिथे नुसती कोलांटी मारली. लोक हसत होते, पण बेताबेतानेच. अशी अर्धीमुर्धी चोरी प्रेक्षकांना न कळता कळते. वाउटर बिचारा गोंधळला. त्याने पुढच्या प्रवेशात ताट तिच्या नाकासमोरच धरलं. मालक जेवून उठलाय, ताटात एक वाटाणा उरलाय, आणि आता झान्नीने तो वाटाणा ताटभर पळवत जिभेने पकडायचा. यातून सुटका नव्हती. तिने वाटाणा पकडला. हॉल खदखदला. मुखवट्याच्या भोकांतून तिने पाहिलं, बाबा आपल्या बुटांकडे बघत होते.

मुखवट्याच्या आत तिचं नाक भरून आलं. नाक पुसायचीही सोय नाही!

मग मारामारीचा प्रवेश आला. मालकाची जड पेटी झान्नीने पाडली, मालक खवळला, काठी फटाफट वाजायला लागली. समता ओरडत होती, उड्या मारत होती आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून मफलर पाहत होती. वाउटर दमला. कपाळ पुसत पुढे आला, पहिल्या रांगेवरून नजर फिरवली, दिल्या शब्दाला जागून मफलर ओलांडला आणि काठी शेजारच्या माणसाच्या हातात दिली.

शेजारी अनुप होता.

वाउटरला बिचाऱ्याला काय ठाऊक! अनुपला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तो टुणकन स्टेजवर आला, मैत्रीने मोबाइल वर धरला, आणि अनुपने "सॉरी हं समता" असं हसत हसत पुटपुटून काठी तिच्या पाठीवर हाणली. फाट! हॉल दणाणला. त्याने पुन्हा काठी उचलली.

"अनुप! थांब!"

बाबा उभे होते. त्यांचा आवाज असा होता की अनुपचा हात वरच राहिला, आणि मग तो खाली मान घालून आपल्या खुर्चीत जाऊन बसला. काठी वाउटरकडे परत गेली. बाबा तीन पायऱ्या चढून स्टेजवर आले. दिवे डोळ्यांवर आल्याने थबकले, मग वाउटरकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "ही माझी मुलगी आहे."

लोक हसले. त्यांना वाटलं, हा माणूस ग्रुपमधलाच.

"ही माझी मुलगी आहे," बाबा पुन्हा म्हणाले, जास्त मोठ्याने. लोक जास्त मोठ्याने हसले.

समताच्या जिवाचा संताप संताप झाला. कोणावर ते कळेना. स्वतःवरच, बहुतेक. तिने वाउटरकडे मान हलवली, नको, थांब. पण वाउटर घामाघूम झाला होता, आणि घाबरलेला नट नियमाला घट्ट धरतो. समोरचा म्हणेल ते खरं मानायचं, पुढे रेटायचं.

"तुझी मुलगी?" वाउटर मालकाच्या चिरक्या आवाजात ओरडला. "मग तर झालंच! ही माझी नोकर, म्हणजे तूही माझाच नोकर!" आणि त्याने ती पेटी उचलून बाबांसमोर धरली.

बाबांचे हात पुढे आले. आपोआप. पेटी त्यांनी घेतली.

हॉल टाळ्यांनी फुटला. समता बघतच राहिली. जन्मभर कोणापुढे न वाकलेला माणूस, आणि हात असे पुढे आले, जणू त्यांना अजून सालगड्याच्या घराचीच सवय होती. बाबांनाही ते कळलं. त्यांनी हातातल्या पेटीकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. चेहऱ्याचा रंग उतरला. मग त्यांनी ती पेटी, घाई न करता, स्टेजच्या मधोमध खाली ठेवली.

"नो," ते म्हणाले. "आय अ‍ॅम रिटायर्ड."

असा हशा त्या हॉलने कधी ऐकला नसेल. लोक खुर्च्या बडवत होते. बाबा मात्र गंभीर. त्यांनी विनोद केलाच नव्हता.

वाउटरला आता काहीच सुचेना. त्याला एकच ठाऊक होतं, शेवट. मालक झान्नीला बदडतो, झान्नी ओरडत पळतो, अंधार. तो समताकडे वळला आणि त्याने काठी उचलली.

समताने पाठ सरळ केली.

आधी गुडघे, मग कंबर, मग मान. ती पूर्ण उभी राहिली, बाबा आणि वाउटर यांच्या मध्ये. ती वाउटरपेक्षा चांगली वीतभर उंच होती, आणि हे आजवर त्या हॉलमध्ये कोणालाच दिसलं नव्हतं. हसू विरलं. अ‍ॅकॉर्डियन वाजवणारी मुलगी वाजवता वाजवता थांबली. काठी हवेत तशीच. विंगेतून ग्रुपमधले बाकीचे माना काढून बघत होते. मुखवटा चढवलेला झान्नी ताठ उभा, याचा अर्थ काय लावायचा हे कोणालाच कळत नव्हतं.  मागच्या रांगेत कोणीतरी अस्वस्थ होऊन खोकलं.

"समता," मागून बाबा मराठीत म्हणाले, हळूच. "हे तुझं काम आहे?"

"हो बाबा."

"कोणी बळंच नाही ना उभं केलं तुला?"

"नाही. मी मागून घेतलं. भांडून घेतलं."

 बाबांनी वाउटरच्या हवेत अडकलेल्या काठीकडे पाहिलं, विंगेतल्या पांढऱ्याफटक चेहऱ्यांकडे पाहिलं. त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता.

"मग वाक," ते म्हणाले.

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिने मान वळवली. मुखवट्याच्या भोकांतून तिला बाबांचा फक्त चेहरा दिसला. डोळे लाल.

"त्या पोराला असं लटकत ठेवू नको. हातात घेतलंस ना? मग पुरं कर. वाक. मी इथंच उभा आहे."

तिने गुडघे वाकवले. मग कंबर. मग मान. त्याच क्षणी वाउटरने सुटकेचा श्वास टाकला आणि काठी खाली आली. फाट! झान्नी किंचाळला. बाबांचे डोळे गच्च मिटले. फाट! लोक हसले, आधी जरा बिचकत, मग मोकळेपणाने. समता पेटीभोवती धावली, घसरली, लोळली, उठली, आणि आता तिने कुठलीच चोरी केली नाही. एवढा जीव ओतून झान्नी तिने आजवर कधी केला नव्हता. प्रत्येक फटक्याला बाबांचे खांदे आत ओढले जात होते, आवाज जणू त्यांच्याच पाठीवर पडत होता. पण ते हलले नाहीत. पायरीकडे गेले नाहीत. भर उजेडात, हात मागे बांधून उभे राहिले.

शेवटचा फटका बसला, झान्नी बोंबलत विंगेत पळाला आणि दिवे गेले. लोक खळखळून हसले, मग हसू हळूहळू ओसरलं.

मग त्या अंधारात एकटेच बाबा हसले. उशिरा, बेसूर, घसा खरवडून, तिला विंगेत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.