ऊबपेटीच्या पोटातला वास

माझ्या दाराच्या रबरी कडेवर बोटभर लांबीचा पिवळसर डाग आहे. पुसला तरी जात नाही.

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतली एक जुनी ऊबपेटी आहे. कागदोपत्री माझे नाव इन्क्युबेटर. पत्र्याचे अंग, आत काचेचे दार आणि पोटात कायम सदतीस अंश ऊब, म्हणजे तुमच्या शरीराइतकीच. लहान लहान खळग्यांच्या ताटल्यांत वाढणाऱ्या चेतापेशी मी बारा वर्षे सांभाळल्या. नवी होते तेव्हा लोक मला पाहायला येत. पुढे शेजारी चकचकीत पेटी आली आणि माझ्या डोक्यावर जुन्या फायली चढल्या.

माझ्याकडे एकच संशोधक उरली. एका औषधी पानाचे सुगंधी तेल चेतापेशींना विषापासून वाचवते का, हे ती दोन वर्षे तपासत होती. ताटलीतल्या अर्ध्या खळग्यांत विष आणि तेल, उरलेल्यांत नुसते विष. पण दोन्हीकडे निम्म्या पेशी मरत, निम्म्या तगत. म्हणजे तेल कुचकामी! तसा लेखही लिहून झाला.

एके सकाळी सफाईच्या मावशींनी मला पुसायला दार उघडले.

"अगं पोरी, ही पेटी आहे की अत्तराचं दुकान? रिकामी असूनही घमघमतेय!"

संशोधक हसली नाही. माझ्या रबरावरच्या पिवळसर डागाला नाक लावून उभीच राहिली. तेल हवेत उडून जाणारे होते; त्याची वाफ माझ्या पोटात फिरत बिनतेलाच्या खळग्यांतही शिरत होती. मला बोलता आले असते, तर पहिल्याच महिन्यात सांगितले असते.

तिने नुसत्या विषाची ताटली शेजारच्या पेटीत ठेवली. तिथे जवळजवळ सगळ्या पेशी मेल्या. म्हणजे माझ्या पोटात तेलानेच निम्म्या वाचवल्या असाव्यात. मेलेल्या पेशी पाहून आनंदाने डोळे पुसणारे माणूस मी पहिल्यांदाच पाहिले.

पण सगळे पुन्हा करायला वेळ हवा होता आणि तिची शिष्यवृत्ती तर चार महिन्यांत संपणार होती. तिच्या मार्गदर्शक सरांपुढे तीन आठवडे तिची जीभ रेटली नाही. "उद्या सांगते," असे ती मलाच सांगत असे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जन्मभर जपा, असा माझा हट्ट नाही. पण वापरता तोवर त्यांची विचारपूस करत जा. आमच्या खोडी आम्हांला सांगता येत नाहीत.

आज सर आले. "काय मॅडम, लेख पाठवताय की लोणच्यासारखा मुरवताय?"

तिने माझ्या दाराला हात टेकला.

"सर, लेख नाही पाठवायचा. सगळे प्रयोग पहिल्यापासून करायचे, तेलाची पेटी वेगळी ठेवून."