डावी बाजू

"हासू नको वं माय. तेवढं एक सांभाळ, बाकीचं माह्यावर सोड."

आईचा हा जप सकाळपासून चालू होता. चौबे कॉलनीतले पाहुणे दुपारी मला बघायला येणार होते आणि रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या बैठकीत खुर्च्यांची हलवाहलव काही संपत नव्हती. शेवटी माझी खुर्ची कपाटाला चिकटवली गेली, अशी की डावा गाल कपाटाकडे आणि उजवा पाहुण्यांकडे. त्या बाजूच्या खिडकीचा पडदाही सोडला. फोटोवाल्यानंही मला असंच तिरकं बसवलं होतं, त्यामुळे फोटोत मी फार छान आले होते.

जन्माच्या वेळी मला चिमट्यानं ओढून काढलं, तेव्हा डाव्या गालाची शीर दुखावली. तोंड मिटलेलं असलं की मी देखणी आहे. हे मी नाही, लोक म्हणतात. हसले की उजवा कोपरा वर जातो आणि डावा जागचा हलत नाही. मग समोरच्याची नजर माझ्या डोळ्यांवरून घसरते, ओठांवर येऊन बसते आणि तिथून उठायचं नाव घेत नाही. साडीचे दोन काठ जुळवून बघावेत तशा माणसं तोंडाच्या दोन बाजू जुळवतात. नाही जुळल्या की हळूच विचारतात, "लकवा मारला का हो हिले?" गोल बाजारात बांगड्या भरतानासुद्धा हा प्रश्न मी ऐकला आहे आणि प्रत्येक वेळी विचारणारीच्या तोंडावर बांगड्यांची टोपली उपडी करावीशी वाटली आहे.

बाबांनी कधी जुळवून पाहिलं नाही. मी लहानपणी शाळेतून रडत आले, तेव्हा ते माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि त्यांनी ओठांचा उजवा कोपरा तसाच ठेवून डावा तेवढा वर ओढला. "पाय आता. आरशात पायल्यावानी दिसते का नाही?" तंतोतंत दिसत होतं. माझी उजवी बाजू वर, समोर त्यांची डावी वर. तेव्हापासून तो आमचा खेळच झाला. कुठल्या लग्नात मी तोंड मिटून कोपऱ्यात उभी असले की बाबा मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून अर्धंच हसायचे. आई चिडायची. "लेक वेडी अन् बाप तिच्याहून वेडा," म्हणायची.

पाहुणे आले. रायपूर राजधानी झाल्यापासून जमिनीचे भाव वाढले होते, तसे मंत्रालयात नोकरी असलेल्या मुलांचेही. असं स्थळ दारात पुन्हा येणार नाही, हे आईनं इतक्या वेळा ऐकवलं होतं की मलाही आता हसण्याची भीती वाटत होती. मुलाचं नाव रणजित. मराठी त्याला समजायची, पण तो उत्तर हिंदीत द्यायचा. त्याची आई सरोजिनीबाई माझा उजवा गाल मन लावून बघत होत्या. मी "हो" आणि "नाही" एवढंच, ओठ फारसे न उघडता बोलत होते.

चहा आला तेव्हा मी समोर पाहिलं. बाबा माझ्याकडे बघत अर्धंच हसत होते.

माझ्या पोटातून हसू उसळलं. ओठ दाबून धरले. आईनंही पाहिलं आणि डोळे वटारले. "काहून चाळे करून राह्यले तुम्ही?" ती त्यांच्या कानाशी पुटपुटली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते तसेच हसत राहिले.

मग माझ्या लक्षात आलं, बाजू चुकली होती. उजवा कोपरा वर होता आणि डावा खाली. इतक्या वर्षांत बाबांची बाजू एकदाही चुकली नव्हती.

हा खेळ नाही, असं एक मन ओरडत होतं आणि दुसरं मन म्हणत होतं, गप बस, उगाच तमाशा होईल, स्थळ जाईल, आई आयुष्यभर बोलेल. बाबा सरोजिनीबाईंना काहीतरी म्हणाले. "घ्या नं चिवडा," असं असावं. शब्द गिळगिळीत आले. तोंडात पान असेल असं वाटून त्या हसल्या. बाबांच्या डाव्या हातातली बशी हळूहळू कलत होती आणि चहा त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर ओघळत होता. त्यांना ते कळतच नव्हतं. मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नाही.

मी उठले. आईनं पदर ओढला, तो मी सोडवून घेतला. बाबांच्या समोर, उघड्या असलेल्या दुसऱ्या खिडकीच्या ऐन उजेडात, जमिनीवर बसले.

"बाबा, हसा. आरशासारखं. माझ्यासारखं करा."

आणि मी हसले. दात दिसेपर्यंत हसले, जसं कोणाहीपुढे कधी हसले नव्हते. बाबांनी माझ्याकडे पाहून जोर लावला. उजवा कोपराच वर गेला.

"दुसरी बाजू, बाबा."

डावा कोपरा हलला नाही. आपल्याला हे येत नाही, हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांचे डोळे मोठे झाले. बशी खाली पडून फुटली.

मी वळून पाहिलं. सगळी खोली माझ्या तोंडाकडे बघत होती. बाप खुर्चीतून घसरत होता आणि ही माणसं अजून काठ जुळवत होती.

"माझ्याकडं काय पाहून राह्यले? त्यांच्याकडं पाहा. लकवा त्यांना मारला आहे."

सगळ्यात आधी रणजित हलला. "मम्मी, गाड़ी की चाबी दो," म्हणाला आणि त्यानं बाबांना काखेत हात घालून उचललं.

वेळेत आणलं, असं दवाखान्यात म्हणाले. जिवावरचं टळलं का, हे मात्र कोणी सांगेना. इतक्यात काही बोलता येणार नाही, एवढंच उत्तर. आई बाकावर बसून एकच बोलत होती, "मले वाटलं चाळे करून राह्यले. मले वाटलं चाळे." गाडीची किल्ली आमच्यासाठी बाकावर ठेवून रणजित कधी गेला, आम्हाला कळलं नाही. त्याच्या घरून काय उत्तर येईल, हे आईनं त्या दिवशी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी आत सोडलं. बाबांचा डावा हात चादरीवर परक्या माणसाचा असावा तसा पडला होता. मला पाहून ते हसले. उजवा कोपरा वर, डावा जागच्या जागी. मीही हसले, रडू दाबण्यासाठी.

सलाइन बदलणारी नर्स एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. मग कौतुकानं आईला म्हणाली, "अम्मा, बिटिया तो एकदम बाबूजी पे गई है. हँसी भी वही."

मी घाबरून आईकडे पाहिलं. तिनं आधी बाबांच्या ओठांकडे पाहिलं, मग माझ्या.

"हव," ती म्हणाली. "बापावरच गेली आहे."

मग ती उठली आणि माझं स्टूल तिनं खिडकीकडे सरकवलं, डाव्या गालावर उजेड येईल असं.