वजा नऊची जाड कड

मी चष्म्याची काच बोलतेय. खरं तर मी प्लास्टिकची, पण काच म्हटलेलं मला चालतं. मी उजवा डोळा सांभाळते, माझी जुळी बहीण डावा. आमचा नंबर वजा नऊ. वजा नंबरच्या काचा मध्ये बारीक असतात. मध्यापासून जितकं लांब जावं, तितकं अंग भरत जातं.

आमची मालकीण नुकतीच शिक्षिका झालेली. दुकानात तिने सगळ्यांत मोठी फ्रेम उचलली.

चष्मेवाले काका म्हणाले, "बाई, तुमचे डोळे जवळजवळ. या फ्रेमला बाहेरच्या अंगाला काच जाड येणार."

"मग पातळातली काच टाका ना! छोटी फ्रेम नको हो, त्यात मी हेडबाई दिसते."

"पातळातलीच टाकतो. पण सगळा भार तिच्यावर टाकू नका."

टाकलाच! मी जन्मले ती करंगळीएवढी कड घेऊन.

पहिल्याच दिवशी तिसरीच्या वर्गात कुणीतरी खुसखुसलं, "बाईंनी बाटलीचं बूड लावलंय!" वर्ग हसला, बाईंचे कान तापले. दुसऱ्या दिवसापासून वर्ग सुरू झाला की माझी रवानगी टेबलाच्या खणात. दिसायचं काही नाही, ऐकू मात्र सगळं यायचं.

एकदा फळ्यावर खडू येऊन आपटला.

"शेवटच्या बाकावरची लाल स्वेटरवाली, उभी राहा!"

"बाई, मी नाही मारला."

"वर खोटं बोलतेस? मी पाहिलं!"

पाहिलं? माझ्याशिवाय बाईंना वीतभर अंतरापलीकडे नुसते रंग दिसतात. पोर तासभर उभी राहून हुंदके देत होती आणि मी खणात मुकी.

सुटीत एक मुलगा टेबलापाशी आला. "बाई, खडू मी मारला. माझापण स्वेटर लालच आहे."

त्या संध्याकाळी बाई काकांपुढे बसल्या. घडलेलं सगळं सांगून म्हणाल्या, "नंबर दोनाने कमी टाका. काच पातळ होईल ना?"

"होईल की. आणि आणखी दोन पोरं फुकट उभी राहतील."

बाईंनी मोठी फ्रेम उतरवून ठेवली. काकांनी एक लहान गोल फ्रेम त्यांच्या नाकावर ठेवली. तिच्यात डोळे बरोबर मधोमध आले. "जाडी सगळी बाहेरच्या काठात आहे. तेवढा काठ कापू. नंबराला हात लावायचा नाही."

चाक फिरलं, पाणी उडालं, माझा काठ भुगा होऊन गेला. दुखलं, पण उठले तेव्हा कड निम्मी झाली होती.

दुसऱ्या दिवशी बाई मला लावूनच वर्गात शिरल्या.

"बाई, अजून जाडच आहे!"

"आहेच. नंबरच तेवढा आहे माझा. चष्मा नसला की मला तुम्ही सगळे सारखेच दिसता. म्हणून काल मी चुकीच्या मुलीला उभं केलं." बाई शेवटच्या बाकापाशी जाऊन वाकल्या. "चुकले मी. तुला पाहिलंच नव्हतं."

लाल स्वेटरवालीने मान वर केली नाही. "मी सांगितलं होतं ना, बाई."

"हो. सांगितलं होतंस."

मग तिने वर पाहिलं. तिच्या गालावर एक बारीक तीळ होता. बाईंना तो आज पहिल्यांदा दिसला.

आता माझ्यावर दोन चरे आहेत, रोज खडूची धूळ बसते. माणसांनो, माझ्या जाडीला खुशाल हसा. पण कुणाच्या हसण्यापायी मला खणात ठेवू नका. तुमच्यासमोर बसलेल्यांना तुम्ही दिसत असता. तेही तुम्हाला दिसायला हवेत.